जुने इंजिन तेल खाते तेव्हा

रब्बीची मळणी उरकते न उरकते तोच उन्हाळी नांगरटीची घाई सुरू होते आणि ट्रॅक्टरला विश्रांती अशी मिळतच नाही. याच दिवसांत जुन्या ट्रॅक्टरच्या मालकाच्या ध्यानी एक गोष्ट येऊ लागते. इंजिन नेहमीप्रमाणे सुरू होते, औजार ओढते, उभे केलेल्या जागी तेलाचा मोठासा डागही दिसत नाही. पण चार दिवसांनी मोजपट्टी काढून पाहावी, तो तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलेले असते. ओतलेले तेल कोठे गेले, याचा उलगडा होत नाही.

अशा वेळी बहुधा दोन मार्गांपैकी एक पत्करला जातो. पहिला मार्ग तेल ओतत राहण्याचा. "जुने यंत्र आहे, तेल लागणारच" असे म्हणून डबा शेजारी ठेवला जातो आणि एखाद्या दिवशी पाहण्याचे राहून गेले की बेअरिंगे जळतात. दुसरा मार्ग इंजिन तडक खोलण्याचा. मिस्त्री धूर पाहून "रिंगा गेल्या" असे सांगतो, कर्ज काढून पिस्टन, रिंगा व लायनर नवे बसविले जातात, त्यात वाफशाचे मोलाचे दिवस निघून जातात. आणि कधी कधी एवढे करूनही तेल पूर्वीसारखेच लागत राहते.

हे दोन्ही मार्ग टाळता येण्यासारखे आहेत. इंजिनातून तेल जाण्याच्या वाटा मोजक्याच आहेत आणि प्रत्येक वाटेची खूण निराळी आहे. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी तेलाची वाट शोधावी, हा या बाबतीतला पहिला नियम होय. त्यासाठी एक नोंदवही, एक मापाचे भांडे, पांढरे फडके, पुठ्ठ्याचा तुकडा आणि आठवडाभराची चिकाटी एवढे साहित्य प्रथम पुरेसे होते.

थोडे तेल लागणारच

चालत्या इंजिनात पिस्टन लायनरमध्ये सारखा वर-खाली होत असतो. लायनरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर नसेल तर दोन्ही धातू एकमेकांवर घासून अल्पावधीत चिकटून बसतील. पिस्टनवरील वरच्या रिंगा वायूचा दाब धरून ठेवतात, तर खालची तेलाची रिंग भिंतीवरचे जादा तेल खरवडून, पिस्टनच्या खाचेतील छिद्रांवाटे, पुन्हा चेंबरमध्ये पाठविते. तथापि अगदी पातळ असा थर भिंतीवर राहतोच व तो इंधनाबरोबर जळतो. सबब नव्या व निर्दोष इंजिनालाही अल्पसे तेल लागते. ते किती लागावे, एवढाच प्रश्न असतो.

हे प्रमाण जळलेल्या डिझेलशी ताडून पाहण्याची रीत सोयीची आहे. डिझेलच्या साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत तेल लागत असेल तर जुन्या इंजिनाविषयी काळजीचे कारण नाही. हे प्रमाण एका टक्क्याच्या पुढे गेले, किंवा टक्क्याच्या आत असूनही ते अचानक वाढले, तर कारण शोधावयास हवे. इंजिनासोबत आलेल्या पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असल्यास अर्थात तीच प्रमाण मानावी.

प्रथम मोजमाप

"फार तेल खाते" हे निदान नव्हे. किती तासांत, किती डिझेलमागे व किती तेल, हे सांगता आले पाहिजे. त्याकरिता पुढीलप्रमाणे करावे.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. उतारावर मोजपट्टी खोटे माप दाखविते. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे तेल चेंबरमध्ये निथळून येते. मोजपट्टी स्वच्छ फडक्याने पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी व मग वाचावी. मापाच्या भांड्याने मोजून वरच्या खुणेपर्यंत तेल भरावे आणि तारीख, तासमापकावरील आकडा व टाकीत भरलेले डिझेल यांची नोंद करावी. पुढे दर खेपेस त्याच जागी, तितकाच वेळ थांबून माप घ्यावे व जेवढे तेल घालावे लागेल तेवढे लिहून ठेवावे. निदान पन्नास तासांच्या कामाची नोंद झाल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

उदाहरणार्थ, नांगरटीच्या कामात ट्रॅक्टरला ताशी ४ लिटर डिझेल लागते असे धरू. ५० तासांत २०० लिटर डिझेल जळेल. तेवढ्या काळात १ लिटर तेल घालावे लागले, तर प्रमाण अर्धा टक्का झाले. इंजिनाची तब्येत ठीक आहे असे समजावे. परंतु दर १० तासांनी, म्हणजे ४० लिटर डिझेलमागे, १ लिटर तेल लागत असेल तर प्रमाण अडीच टक्के झाले. आता शोध घेणे अवश्य आहे.

मोजमाप घेतानाच पुष्कळदा एक दोष सापडतो, तो म्हणजे तेल जास्त भरण्याचा. कमी पडू नये म्हणून वरच्या खुणेच्या पुढे तेल भरण्याची सवय काहींना असते. अशा वेळी फिरणारा क्रँकशाफ्ट तेलात बुडून ते लायनरवर प्रमाणाबाहेर उडवितो, तेलाच्या रिंगेला ते आवरत नाही आणि जादा तेल जळून जाते. मालक पुन्हा तेवढेच भरतो व पुन्हा तेवढेच जळते. तेल वरच्या खुणेच्या पुढे कधीही भरू नये.

बाहेरची वाट

शोधाचा क्रम "आधी बाहेर, मग वर, शेवटी आत" असा ठेवावा. बाहेर पाहण्यास काही खर्च नसतो, वरचे भाग थोडक्यात उघडतात आणि आतील तपासणी सर्वांत महाग असते.

इंजिन बाहेरून स्वच्छ धुऊन कोरडे करावे. चिखल व तेल यांचा जुना राप असेल तर गळती कोठून होते हे कळणेच शक्य नाही. रात्री ट्रॅक्टर उभा करताना इंजिनाखाली पुठ्ठा पसरावा व सकाळी डाग कोठे पडला आहे ते पाहावे. पुष्कळ गळती मात्र इंजिन चालू असतानाच होते. तेव्हा तेल गरम व पातळ असते आणि त्यावर दाबही असतो. त्यासाठी संशयित सांध्यांवर खडूची बारीक पूड भुरभुरावी आणि तासभर काम करून पाहावे. ओली रेघ उमटेल तेथे गळती आहे. वारा व गुरुत्व तेलाला मागे आणि खाली नेतात, म्हणून डाग जेथे दिसतो त्याच्या वर व पुढे मूळ शोधावे.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग, चेंबरचे पॅकिंग, तेलाचा फिल्टर, तेलदाब दाखविणाऱ्या काट्याची नळी आणि क्रँकशाफ्टचे पुढील ऑइल सील या जागा प्रथम पाहाव्यात. मागील सील डोळ्यांना दिसत नाही. ते गेल्यास तेल क्लचच्या पेटीत उतरते. बहुतेक ट्रॅक्टरांत या पेटीच्या तळाशी एक लहान भोक असून त्यात पिन लोंबत असते. हे भोक चिखलाने बुजले असेल तर तेल आतच साठते, क्लच घसरू लागतो आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. भोक मोकळे केल्यावर तेल आले, तर ते इंजिनाचे की गिअरपेटीचे ते ताडून पाहावे. गिअरपेटीचे तेल दाट असते व त्याला उग्र वास असतो.

रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, तर हेड गॅसकेट किंवा तेल थंड करणारा कूलर फुटला असण्याचा संभव आहे. याउलट मोजपट्टीवरील तेल ताकासारखे पांढरट झाले असेल तर पाणी तेलात शिरत आहे, आणि मग इंजिन चालविणे तत्काळ थांबवावे.

ब्रीदर बुजला तर

पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू नेहमीच चेंबरकडे उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी इंजिनावर ब्रीदर नावाची नळी असते. या नळीतील जाळी काजळीने भरली, नळी चेपली, किंवा कुंभारीण माशीने तिच्या तोंडाशी मातीचे घर केले, तर आतला वायू कोंडतो. मग तो जेथे वाट मिळेल तेथून तेलाला बाहेर ढकलतो. सील नवे असूनही गळते, पॅकिंग बदलूनही ओले राहते आणि रिंगांवाटे तेल वर चढते. हा दोष इतका साधा आहे की तो शेवटपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः ब्रीदर काढून डिझेलने धुऊन पुन्हा बसविण्यास अर्धा तासही लागत नाही. इंजिनाविषयी कोणतीही तक्रार असो, ब्रीदर साफ केल्यावाचून पुढे जाऊ नये.

ब्रीदर मोकळा असताना त्यातून वायूचा बारीक झोत येणे स्वाभाविक होय. मात्र इंजिन कामाला लागताच तेथून धुराचे लोट निघू लागले, तर रिंगा व लायनर झिजल्याची ती खूण समजावी.

हवेची गाळणी

जुन्या ट्रॅक्टरांवर बहुधा तेलाच्या वाटीची गाळणी असते. आत जाणारी हवा वाटीतील तेलावरून वळते व धूळ तेलात अडकते. या वाटीत खुणेपेक्षा जास्त तेल भरले, तर ते हवेबरोबर इंजिनात ओढले जाऊन जळते आणि निळा धूर दिसतो. हे तेल चेंबरमधले नसते, तरीही धुरावरून रिंगांचा संशय घेतला जातो.

यात एक धोकाही आहे. हवेच्या वाटेने जास्त तेल आत शिरले तर डिझेल इंजिन त्या तेलावरच पळू लागते. डिझेल बंद करूनही ते थांबत नाही व वेग वाढत जातो. अशा प्रसंगी हवेचे तोंड जाड लाकडी फळीने घट्ट दाबून धरावे. हवा बंद होताच इंजिन थांबते. तळहाताने किंवा सैल कापडाने तोंड झाकण्याचा प्रयत्न कदापि करू नये. हात ओढला जातो आणि कापड आत जाते.

गाळणीचा दुसरा दोष अधिक हानिकारक आहे. वाटीतील तेल कमी झाले, त्यात गाळ साचला, किंवा गाळणीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर पडली, तर मळणीची व नांगरटीची बारीक धूळ थेट लायनरमध्ये जाते. तेलात मिसळलेली ती धूळ पॉलिशच्या कागदासारखे काम करते. जी झीज अनेक वर्षांत व्हावयाची ती एका हंगामात होऊ शकते.

ही गोष्ट पडताळण्याची रीत अगदी सोपी आहे. इंजिन बंद करावे, रबरी नळी इंजिनाच्या बाजूने काढावी आणि आतून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर मातीचा रंग उमटला, तर धूळ गाळणीच्या पुढे पोहोचली आहे यात संशय नाही. नळी नवी घालावी, तिच्या पट्ट्या घट्ट कराव्यात आणि धुळीच्या दिवसांत वाटीतील तेल रोज पाहावे. तेल खाण्याचे मूळ पुष्कळ वेळा या एका चिरेत असते.

धुराची भाषा

सायलेन्सरमधून येणारा धूर तीन रंगांत बोलतो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा अपुरी. अशा वेळी नोझल, पंप व गाळणी पाहावी. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा पाण्याची वाफ. थंड सकाळी तो क्षणभर येणे साहजिक आहे. निळसर धूर म्हणजे जळणारे वंगण तेल. तो सावलीत व गडद पार्श्वभूमीवर नीट ओळखू येतो. भर उन्हात तो पांढऱ्यासारखा भासतो.

निळा धूर केव्हा येतो, याला रंगाइतकेच महत्त्व आहे. सकाळी सुरू करताच एक लोट येऊन मग धूर नाहीसा होत असेल, तर रात्रभरात व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून तेल खाली झिरपले असावे. दोष व्हॉल्व्ह गाईडकडे आहे. भार येताच धूर वाढून भार असेपर्यंत टिकत असेल, तर संशय रिंगांवर घ्यावा. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीप किंवा मोटारीत ही खूण अधिक स्पष्ट दिसते. घाट उतरताना पाय उचललेला असतो, हवेचा मार्ग जवळजवळ बंद होतो व इंजिनाची ओढ वाढून गाईडमधून तेल आत खेचले जाते. उतार संपून पुन्हा पाय देताच मागे निळा लोट उठतो. डिझेल इंजिनात बहुधा हवेचा मार्ग असा बंद होत नाही, म्हणून तेथे केवळ या एकाच खुणेवर भिस्त ठेवू नये.

रिंगा की गाईड?

बाहेर गळती नाही, ब्रीदर मोकळा आहे, गाळणी ठीक आहे आणि तरीही प्रमाण जास्त आहे, असे ठरल्यावरच आतील तपासणीकडे वळावे. तेव्हाही इंजिन सबंध खोलण्याची गरज नाही. प्रथम एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून प्रत्येक सिलिंडरचे तोंड पाहावे. तीनपैकी एकच तोंड तेलाने ओले असेल, तर दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे. तसेच हवा आत येण्याच्या बाजूस व्हॉल्व्हच्या पाठीवर ओला, चिकट काजळीचा थर असेल तर तेल गाईडवाटे उतरते आहे. गाईड व व्हॉल्व्ह यांचे काम हेड उतरवून होते. त्यासाठी पिस्टन काढण्याचे कारण नाही.

नोझलच्या जागी मापक लावून दाब मोजण्याची सोय तालुक्याच्या चांगल्या कारखान्यात मिळू शकते. तेथेच दाबाची हवा सिलिंडरमध्ये सोडून ती कोठून निसटते ते ऐकता येते. तेल भरण्याच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरकडे ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या नळीत आली तर इनटेक व्हॉल्व्ह आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट, असे समजावे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. दाब चांगला भरला म्हणजे रिंगा निर्दोष आहेत, असे सिद्ध होत नाही. दाब वरच्या रिंगा धरतात. तेल खालची रिंग आवरते. तेल वेळेवर न बदलल्याने खालच्या रिंगेची छिद्रे काजळीने बुजतात आणि खरवडलेल्या तेलाला परत जाण्यास वाट उरत नाही. इंजिनाची ताकद कायम, दाब उत्तम, सुरू होण्यात अडचण नाही, तरीही तेल मात्र जाते. ज्या इंजिनांचा खुलासा कोणालाच करता येत नाही त्यांपैकी कित्येकांचे कोडे येथे सुटते.

तेलाचा दाबही पाहावा. इंजिन गरम झाल्यावर काटा फार खाली येत असेल व आत ठोका ऐकू येत असेल, तर कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे सैल झाली असण्याचा संभव असतो. सैल बेअरिंगांतून उडणारे जास्त तेल लायनरवर पडते. अशा स्थितीत नुसत्या रिंगा बदलून भागत नाही.

तेल वाढते तेव्हा

एखादे इंजिन मुळीच तेल खात नाही, उलट मोजपट्टीवर तेल चढलेले दिसते, याचा मालकास आनंद होतो. ही मात्र अधिक धोक्याची खूण आहे. डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटला, किंवा नोझल थेंब गाळू लागले, तर डिझेल चेंबरमध्ये उतरते. जेवढे तेल जळते तेवढीच भर डिझेल घालते आणि मोजपट्टी बरोबर दिसत राहते. आतले वंगण मात्र पातळ होत जाते. काही ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंपाचे सील गेल्यास तेथील तेलही इंजिनात येऊ शकते.

मोजपट्टीवरील तेलाचा वास घ्यावा व ते बोटांत चोळून पाहावे. गरम तेलाचा एक थेंब टीपकागदावर सोडून काही तास ठेवावा. मधल्या काळ्या ठिपक्याभोवती फिकट, पारदर्शक असे रुंद कडे पसरले, तर तेलात डिझेल मिसळले आहे असे समजावे. दोष दुरुस्त करून तेल व फिल्टर दोन्ही बदलावे. काढलेले तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. ते डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकास द्यावे.

दोन ट्रॅक्टर, एकच लक्षण

या सर्व पद्धतीचे महत्त्व एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एकाच गावात दोन जुने ट्रॅक्टर आहेत. दोन्ही मालक स्वतःच्या शेताबरोबर भाड्याने नांगरट करतात. दोघांच्याही इंजिनास दहा-बारा तासांनी लिटरभर तेल लागते, दोघांच्याही सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि दोघांनाही रिंगा बदलण्याचा सल्ला मिळाला आहे.

पहिल्याने क्रमाने तपासणी केली. पांढरे फडके स्वच्छ निघाले. ब्रीदरची नळी मात्र मातीने बुजलेली आढळली आणि तेलही खुणेच्या वर भरलेले होते. ब्रीदर धुतला, जादा तेल काढले आणि पुढील पन्नास तासांची नोंद ठेवली. तेलाचे प्रमाण मर्यादेत आले. त्याचा खर्च जवळजवळ काहीच झाला नाही आणि नांगरटीचा एकही दिवस बुडाला नाही.

दुसऱ्याच्या फडक्यावर लाल माती उमटली. रबरी नळीला खालच्या बाजूने चीर होती. ब्रीदर मोकळा असूनही त्यातून धुराचा झोत येत होता. येथे लायनर खरोखरीच झिजले होते व इंजिन खोलणे भाग होते. पण त्याने ती चीर पाहिली नसती, तर नवे लायनर व नव्या रिंगा त्याच धुळीने पुढील हंगामापर्यंत पुन्हा झिजल्या असत्या.

लक्षण एकच, पण एकाचा खर्च टळला आणि दुसऱ्याचा खर्च सार्थकी लागला. न तपासता दोन्ही इंजिने खोलली असती, तर पहिल्याचे पैसे निष्कारण गेले असते व दुसऱ्याचे दोनदा गेले असते.

इंजिन खोलावेच लागले तर

मालकाने दुरुस्तीच्या वेळी समक्ष हजर राहावे. लायनर वर, मध्ये व खाली, तसेच आडव्या-उभ्या दिशेने मोजून घ्यावे. ते निमुळते किंवा लंबगोल झाले असतील तर नुसत्या नव्या रिंगा त्यात बसणार नाहीत. रिंगेच्या तोंडातील फट व पिस्टनच्या खाचेतील ढिलाई पुस्तिकेप्रमाणे आहे का, हे पाहावे. रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ न देता एकमेकींपासून दूर बसवावीत. काढलेले सुटे भाग परत मागून घ्यावेत. त्यांवरील चरे पाहून झीज धुळीने झाली की तेल न बदलल्याने झाली, हे जाणकारास सांगता येते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. इंजिन गरम होऊ नये हा त्यातील हेतू असतो. परंतु सदैव थंड चालणाऱ्या इंजिनात इंधन नीट जळत नाही, काजळी व गाळ वाढतो आणि लायनर लवकर झिजतात. थर्मोस्टॅट खराब असल्यास तो नवा घालावा.

नव्या रिंगा बसविल्यावर पहिले काही दिवस हलके ते मध्यम काम बदलत्या वेगाने द्यावे. इंजिन तासन्‌तास मोकळे चालू ठेवू नये. तसे केल्याने लायनरला चकाकी येते आणि रिंगा बसत नाहीत. बाजारात मिळणारी तेल दाट करणारी औषधे दोष झाकतात, घालवीत नाहीत. पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे तेल वापरावे व ते ठरलेल्या तासांना बदलावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

या विषयाचे प्रात्यक्षिक कोणत्याही गावात, कोणत्याही अनुदानावाचून करता येते. हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टर व डिझेल पंपांचे मालक एकत्र बोलवावेत आणि एका जुन्या इंजिनावर मोजपट्टी वाचणे, ब्रीदर धुणे व नळीतून पांढरे फडके फिरविणे ही तीन कामे प्रत्यक्ष करून दाखवावीत. प्रत्येक मालकास तेलाची नोंदवही सुरू करून द्यावी. ज्यांना अधिक शिकावयाचे आहे त्यांना मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय कृषियंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेची माहिती द्यावी. १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत शेतकऱ्यांना यंत्रांच्या देखभालीचे शिक्षण दिले जाते.

नोंदवहीत पाच रकाने पुरेत: तारीख, तासांचा आकडा, डिझेल, घातलेले तेल आणि शेरा. गाळणी धुतली, ब्रीदर साफ केला, तेल बदलले, धूर दिसला, या गोष्टी शेऱ्यात याव्यात. अशी वही मिस्त्रीपुढे ठेवली म्हणजे अंदाजाने बोलण्यास जागा राहत नाही. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ही वही घालावी, आणि तिच्या पहिल्या पानावर आजचे माप लिहून ठेवावे.